सासूबाईंसाठी का?

आज संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका मेडिकलमध्ये गेले होते. नेहमीच्या नाही, मुद्दाम लांबच्या. (आमच्या गल्लीतला मेडिकलवाला माझ्या मुलाच्या वर्गातला. त्याच्याकडे ओआरएसच्या पुढे काही मागायची माझी छाती होत नाही.) काउंटरवर तीन पुरुष, एक कॉलेजची मुलगी. मी हळूच म्हटलं, लघवीसाठीचे पॅड द्या, पाळीचे नाही, ते दुसरे. त्याने आतल्या पोराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, "सासूबाईंसाठी का?"

आणि मी म्हटलं, "हो."

पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी, पिशवीला गाठ. मी स्कूटरवर येऊन बसले आणि पाच मिनिटं नुसती धुमसत राहिले. त्याच्यावर नाही, तो बिचारा सवयीने बोलला. स्वतःवर. मी ५१ वर्षांची बाई. इथे येऊन तुम्हा सगळ्यांना बायकांच्या आरोग्यावर भाषणं झोडते. लेकीला म्हणाले होते, पॅडचं पुडकं उघडं घेऊन ये, चोरी केली आहेस का? आणि स्वतःची वेळ आली तर माझी लघवी ७८ वर्षांच्या सासूच्या नावावर टाकून मोकळी झाले.

तर आता चारचौघांत सांगते. पॅड माझ्यासाठी होते. दीड वर्ष झालं. शिंक आली की गळतं. मिरचीची फोडणी टाकायची असली की मी आधी पायावर पाय आवळून उभी राहते आणि मग तेलात मिरची टाकते, कारण ठसका येणारच. बाहेरून घरी येताना जिन्यापर्यंत काही नसतं. कुलपात चावी फिरली, की मग एक क्षण धीर निघत नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज चार फेऱ्या व्हायच्या, त्या बंद केल्या. मैत्रिणींना सांगितलं, टाच दुखते.

टाच ठणठणीत आहे.

पाळी जाताना अंगातून गरम वाफा येतात, चिडचिड होते, एवढंच आपल्याला माहीत. बाकीचं कोण सांगतं? जीभ अशी भाजायची जणू आत्ताच ठेचा खाल्लाय. रात्री पोटऱ्यांवर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, दिवा लावून बघावं तर मुंगी नाही. उजवा खांदा असा धरला की ब्लाऊजचे हूक नवऱ्याकडून लावून घेत होते. मग खांद्याला एक डॉक्टर, जिभेसाठी दातांचा डॉक्टर, छातीत धडधडायचं म्हणून ईसीजी, तो नॉर्मल. चार ठिकाणी फायली झाल्या. एकाने विचारलं नाही की बाई, तुमची पाळी कधी गेली? सगळंच पाळीच्या माथी मारता येत नाही, शुगर-थायरॉईड तपासावंच लागतं, हे मान्य. पण विचारायला काय जातं!

लघवीचं काढलं की उत्तर ठरलेलं, "वयानुसार होतंच." अहो, वयानुसार मोतीबिंदूही होतो. तो काढता ना? पाळी जाताना इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, कमी झालं की मूत्रमार्गाचं आतलं अस्तर पातळ पडतं, खालचे स्नायू ढिले होतात, त्यात बाळंतपणं झालेली असतात. खोकला-शिंकेने निसटणं वेगळं, घाई लागून वाटेतच होणं वेगळं, आणि माझ्यासारखीला दोन्ही. हे मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं, माझ्या लेकीच्या वयाची असेल. तोवर मी माझा शहाणपणा करून पाणी दिवसाला तीन पेल्यांवर आणलं होतं. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशय आणखी चिडलं, जळजळ, इन्फेक्शन, अँटिबायोटिक. कमी करायचा होता तो चहा. तो मात्र चालूच होता, चार वेळा.

यावर व्यायाम आहे, खालचे स्नायू आवळायचा, डॉ. केगेल यांनी १९४८ साली मांडलेला. व्हिडिओ बघून मी महिनाभर पोटच आवळत बसले होते. तसं नाही. वायू अडवताना जसं आतून वर खेचतो तसं खेचायचं, पोट-मांड्या सैल, श्वास चालू. पाच आकडे धरायचं, तितकंच सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिंक येतेय असं वाटलं की आधी खेचायचं, मग शिंकायचं. घाई लागली तर धावायचं नाही, जागच्या जागी उभं राहून पटपट आवळायचं, कळ ओसरली की चालत जायचं. आणि ते आईने लावलेलं "जाऊन ये गं एकदा" दर अर्ध्या तासाने करायचं नाही, मूत्राशयाला थोडं भरलं तरी ओरडायची सवय लागते. फरक कळायला तीन महिने द्यायचे. माझे सात आठवडे झालेत. शिंकेला जमतं, ठसक्याला अजून नाही.

आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीमही मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. अंग बाहेर येतंय असं वाटत असेल तर दाखवाच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला तर त्याच आठवड्यात जा, लग्नसराई असली तरी.

तर घरी आले. काळी पिशवी हातात. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. का कोण जाणे, सांगून टाकलं. म्हटलं, आई, आज मेडिकलमध्ये तुमच्या नावावर खपवलं. वाटलं, चिडतील. त्या गवारीच्या शिरा काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायचे. उन्हात वाळत टाकायची सोय नाही, पलंगाखाली वाळवायचे."

आमच्या सासूबाई दर चैत्रात वणीच्या गडावर जायच्या. पाचशेवर पायऱ्या चढून. मग एका वर्षी जाणं बंद. सगळे म्हणायचो, गुडघे गेले. २०१८ मध्ये गडावर ती रुळांवरून वर नेणारी फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली तेव्हा आमचे हे किती मागे लागले होते, आई, आता एक पायरी चढायची नाही, चल! त्या नाहीच म्हणाल्या. आम्ही वैतागलो होतो, हट्टी झाली आहे म्हणून.

गुडघे नव्हतेच. नाशिकपासून साठेक किलोमीटरचा रस्ता होता, आणि मध्ये कुठे उतरायचं हा प्रश्न.

मला काही बोलता येईना. मेडिकलवाल्यावरचा राग, स्वतःवरचा राग, सगळा कुठे गेला कळलं नाही. इतकी वर्षं एका घरात, एका मोरीत कपडे धुतले, आणि एकमेकींना गुडघा आणि टाच सांगत बसलो.

त्यांनी गवार बाजूला ठेवली, पिशवीची गाठ सोडून पुडकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यात माझ्या मापाचं मिळतं का?"

उद्या जाते. त्याच दुकानात.