ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत? त्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या वाडीच्या, माहेरच्या आणि भजन मंडळाच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकाच आठवड्यात तोच मेसेज आला. त्यातली मुख्य वाक्यं अशी: 'तरुण माणूस अचानक कोसळून गेला की तो हार्ट अटॅकच, नळीत गाठ अडकते. ईसीजी नॉर्मल असेल तर अशा मरणाची भीती नाही. तरुण मुलामुलींना चक्कर येते ती अशक्तपणाने, उगाच डॉक्टरकडे धावू नका. एकटे असताना अटॅक आला तर दर दोन सेकंदांनी जोरात खोकत राहा, जीव वाचेल.' खाली नेहमीप्रमाणे, दहा जणांना पाठवा.

मी सिंधुदुर्गात एका लहान दवाखान्यात १९ वर्षं ईसीजी काढते. निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण कागद आधी माझ्या हातात येतो, आणि या मेसेजमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर विसंबून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं वाक्य, 'तो अटॅकच'. चाळिशी-पन्नाशीच्या पुढे बहुतेक वेळा हे खरं असतं, तेव्हा छातीत कळ आली तर गॅस समजून रात्र काढू नका. पण विहिरीच्या पंपाची नळी तुंबणं वेगळं आणि पंपाचं वायरिंग बिघडणं वेगळं, हे कोकणात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. हृदयाच्या ठोक्यामागे वीज असते. ती भरकटली की खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. नळ्या स्वच्छ असल्या तरी हे होतं. तरुणांमध्ये यामागे बरेचदा जन्मजात कारण असतं: हृदयाचा स्नायू जाड असणं, किंवा लाँग क्यूटी (ठोक्यानंतर विजेला पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागणं; तो वेळ म्हणजे क्यूटी), ब्रुगाडा असे विजेचे दोष. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर भर सामन्यात कोसळला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. तिथल्या तिथे छाती दाबली, शॉक दिला, म्हणून तो वाचला. पुढे शरीरात शॉक देणारं यंत्र बसवून तो पुन्हा खेळायलाही लागला.

आता ईसीजीबद्दल. याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

तुम्ही टेबलावर आडवे होता, मी जेली लावते, छातीवर सहा बल्ब, हातापायांना चार क्लिपा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पुढे सरकतो. नेहमीच्या छापील ईसीजीत तुमच्या हृदयाचे दहा सेकंद असतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातले दहा, तेही शांत पडून. त्या दहा सेकंदांत सगळं सुरळीत दिसलं, एवढंच 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ.

काही दोष पडून राहिलेल्या माणसात दिसतच नाहीत. सीपीव्हीटी नावाच्या आजारात आरामातला ईसीजी अगदी स्वच्छ असतो. ट्रेडमिलवर पळवलं की वेडेवाकडे ठोके येऊ लागतात. ब्रुगाडाची खूण आज दिसते, उद्या नाही. तापात ती उघडी पडते, आणि धोकाही तापातच वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो आणि मलेरियाचे ताप घरोघरी असतात, म्हणून ज्याच्या घरात कोणी झोपेत अचानक वारलं आहे त्याचा ताप अंगावर काढू नये, पॅरासिटामॉल देऊन उतरवावा आणि शक्य असेल तर तापातच ईसीजी काढून घ्यावा. डॉक्टरांना ब्रुगाडाचा संशय असला तर ते मला पहिले दोन बल्ब एक-दोन फासळ्या वर लावायला सांगतात. तीच छाती, तोच माणूस, पण कागद वेगळा येतो. लाँग क्यूटीचं जनुक असलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचा क्यूटी आरामात मोजला तर मर्यादेतच येतो. म्हणूनच पुढे ट्रेडमिल, इको (हृदयाची सोनोग्राफी), २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून फिरायचा ईसीजी) या तपासण्या असतात.

आणि कधीकधी दोष कागदावर असतो, फक्त तो कोणी वाचत नाही.

तिसऱ्या वाक्यावर येते, तरुणांची चक्कर. चार वर्षांपूर्वी एका बाईने तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला आणलं. मे महिन्यात आजोळी नदीच्या कोंडीत उडी मारली आणि मुलगी हातपाय न हलवता खाली गेली. चुलतभावाने केसांना धरून वर काढली. त्याआधी दोनदा शाळेत पळताना पडली होती. पडल्यावर थोडे झटके आले, म्हणून फिट ठरलं आणि दोन वर्षं फिटच्या गोळ्या चालू होत्या. शाळेत कांदा हुंगवला होता, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला होता. जुनी फाइल उघडली तर त्यात कुठेतरी काढलेला ईसीजी होता, वर पेनाने 'नॉर्मल' लिहिलेला. कोपऱ्यात मशीनने छापलेला आकडा होता: क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगाप्रमाणे जुळवून घेतलेला क्यूटी, ४९२ मिलिसेकंद. मुलींमध्ये ४६० च्या पुढे गेला की थांबून बघायचं असतं. हा आकडा दोन वर्षं त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होता.

मी बल्ब काढत असताना तिची आजी खुर्चीवरून म्हणाली, "बाय, तिका कोंडीतला कायतरी धरता. माझो झील पण असोच गेलो, पाण्यात."

झील, म्हणजे आजीचा मुलगा, वीस वर्षांचा होता. खाडीत वाढलेला, पट्टीचा पोहणारा. संथ पाण्यात बुडाला. सगळ्या गावाने देवचाराचं, म्हणजे तिथल्या भुताचं, नाव घेतलं, गाऱ्हाणं घातलं. माझ्या हातातल्या कागदाइतकंच आजीचं ते वाक्य महत्त्वाचं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि मुलीला तातडीने कोल्हापूरला पाठवलं. लाँग क्यूटीच्या पहिल्या प्रकारात जोर लावताना ठोके बिघडतात, आणि त्यातही पोहताना. दुसऱ्या प्रकारात गजर किंवा फोन अचानक वाजला की. तिसऱ्यात बहुतेकदा झोपेत. हे फार पूर्वीपासून माहीत आहे: १९५७ साली नॉर्वेतल्या दोन डॉक्टरांनी एकाच घरातल्या, जन्मतः बहिऱ्या आणि वारंवार बेशुद्ध पडणाऱ्या मुलांची नोंद केली, त्यांचाही क्यूटी लांब होता.

उन्हात रांगेत उभं राहून, रक्त बघून, उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा साधी असते. पण पळताना, पोहताना किंवा दचकून शुद्ध गेली, आणि काही पूर्वसूचना न देता गेली, तर त्याला अशक्तपणा म्हणू नका. फिटचं औषध चालू करण्याआधी ईसीजी बघितलाच पाहिजे, आणि त्यावरचा क्यूटीसी वाचला पाहिजे.

निदान झालं म्हणजे आयुष्य संपलं, असंही नाही. त्या मुलीला लाँग क्यूटीच निघाला, आणि प्रोप्रॅनोलॉल चालू केलं. दिसायला साधी, जुनी गोळी, पण लाँग क्यूटीच्या पहिल्या प्रकारात फार चांगलं काम करते. ती मनाने बंद करायची नाही, आणि दमा असेल तर आधी सांगायचं. एकटीने पाण्यात उतरायचं नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत, कारण अझिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोन, फ्लुकोनाझोल अशी नेहमीची औषधंही क्यूटी लांबवतात. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलं तरी तेच होतं. ज्यांचा धोका जास्त, त्यांच्या कॉलरबोनखाली आयसीडी बसवतात. ते ठोक्यांवर लक्ष ठेवतं आणि गरज पडली तर आतूनच शॉक देतं. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांच्या खटपटीतून १९८० मध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. काही दोष तर कायमचे बरे होतात: डब्ल्यूपीडब्ल्यू नावाच्या दोषात विजेची जादा वाट असते, ती पायाच्या शिरेतून तार नेऊन जाळून टाकतात.

खोकण्याचं वाक्य. हृदय थरथरू लागलेल्या माणसाला दहा-पंधरा सेकंदांत शुद्धच राहत नाही, तो खोकणार कधी? कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयापर्यंत तार नेऊन तपासतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेल्या रुग्णाला डॉक्टर समोर उभे राहून क्षणभर खोकायला लावतात, ते तिथलं काम आहे, १९७६ साली तसं नोंदवलंही गेलं. घरी एकटं असताना छातीत कळ आली तर खोकण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा, दाराची कडी काढून ठेवा, शेजाऱ्याला हाक मारा. गाडी स्वतः चालवू नका.

आणि समोर कोणी कोसळलं, हलवून उठलं नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देत असेल, तर कांदा, चप्पल, तोंडात पाणी यातलं काही नको. एकाने १०८ लावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. छाती दाबली नाही तर शॉकला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आपल्या वाड्या रस्त्यापासून आत आहेत, गाडी यायला वेळ लागणार, म्हणून तोवर हात थांबवायचे नाहीत. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं.

लाँग क्यूटी बहुधा आईकडून किंवा बापाकडून येतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. म्हणून त्या वर्षी गणपतीला चाकरमानी गावी आले तेव्हा डॉक्टरांनी आजीच्या सगळ्या कुटुंबाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मोदकाचं जेवण आटोपून अकरा जण दवाखान्यात आले, बाकावर जागा पुरेना. मुलीच्या आईचा क्यूटी लांब निघाला. आजीचा स्वतःचा पण. आणि डोंबिवलीहून आलेल्या सतरा वर्षांच्या मावसभावाचा, जो रोज पहाटे क्लबात पोहायला जायचा आणि ज्याला आजवर कधी चक्करही आली नव्हती. तिघांच्याही गोळ्या चालू आहेत. आजी दर सहा महिन्यांनी ईसीजी काढायला येते आणि टेबलावर चढायच्या आधी मला त्या झिलाचं नाव सांगते.