कर्मिटला काम द्या

मपेट्स म्हणजे कर्मिट बेडूक, मिस पिगी ही मंडळी, जिम हेन्सनने घडवलेल्या अमेरिकन बाहुल्या. त्यांच्या चाहत्यांकडे एक ब्रह्मास्त्र आहे. "जिम असता तर हे झालं नसतं." सिनेमा आपटला, काढा ब्रह्मास्त्र. मालिका गुंडाळली, काढा ब्रह्मास्त्र. २०२५च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधला 'मपेटव्हिजन थ्रीडी' हा शो बंद झाला, तेव्हा तर सगळीकडून तेच ऐकू येत होतं. ते दुःख मला समजतं. जिम हेन्सनच्या अगदी शेवटच्या कामांपैकी ते एक आणि सुरूही झालं होतं बरोबर त्याच्या पहिल्या स्मृतिदिनी, १६ मे १९९१ला.

मीही हे वाक्य कित्येक वर्षं ऐटीत फेकलंय. आता फेकत नाही. कारण हेन्सनने काय केलं असतं हे ठरवायच्या आधी त्याने खरंच काय केलं ते बघितलं, तर आपली पंचाईत होते.

'द मपेट शो' १९७६ ते १९८१ चालला. पाच सीझन, १२० भाग. अमेरिकन नेटवर्क्सना तो नको होता, म्हणून हा गडी इंग्लंडला जाऊन एल्स्ट्रीच्या स्टुडिओत तो करत होता. आणि जगभर लोक डोक्यावर घेऊन नाचत असताना त्याने तो स्वतःहून थांबवला. पुढे काय केलं? 'द डार्क क्रिस्टल', 'लॅबिरिंथ'. दोन्हींत कर्मिट औषधालाही नाही. 'लॅबिरिंथ' तिकीटबारीवर सपशेल पडला. आणि १९८९मध्ये मपेट्स डिस्नेला विकायचा करार जाहीर केला तोही त्यानेच! ज्या कंपनीच्या नावाने आपण बोटं मोडतो, तिच्या दारात पोरांना बापानेच नेलं होतं. व्यवहार पुरा व्हायच्या आत, १६ मे १९९०ला, तो गेला. वय ५३. जिवाणूंचा संसर्ग, इस्पितळात नेल्यावर एक दिवससुद्धा निघाला नाही. डिसेंबरात करार फिसकटला, मधे काही काळ एका जर्मन कंपनीचा फेरा झाला आणि २००४मध्ये मपेट्स शेवटी डिस्नेकडेच गेले.

त्यामुळे जिम असता, तर कदाचित त्याने सगळं दुसऱ्यांवर सोपवलं असतं आणि स्वतः तिसरंच काहीतरी करत बसला असता. तेव्हा त्याला साक्षीला बोलावणं बंद करू या.

दुसरं भांडण आवाजाचं. "हा कर्मिट खरा नाही." कर्मिटला हलवायचा आणि आवाज द्यायचा तो आधी हेन्सन स्वतः. त्याच्यानंतर स्टीव्ह व्हिटमायरने कर्मिट केला, पाव शतकाहून जास्त. २०१६मध्ये डिस्नेने त्याला काढलं, २०१७मध्ये ते बाहेर फुटलं, दोन्ही बाजूंनी जाहीर चिखलफेक झाली आणि बेडूक मॅट व्होगेलच्या हातात गेला. गंमत अशी, की १९९०मध्ये काहींना व्हिटमायर 'तोतया' वाटत होता. २०१७मध्ये त्याच्यावर वाढलेली पिढी व्होगेलला तोतया म्हणायला लागली. आपल्याकडे अर्धवटराव यशवंत पाध्यांकडून रामदास पाध्यांकडे आला, तो आपण वारसा म्हणून स्वीकारलाच की.

आवाज महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. पण कर्मिट म्हणजे मुळात हात. पहिला कर्मिट आईच्या जुन्या कोटाचा होता, डोळे पिंगपाँगचा चेंडू कापून केलेले. आजही त्याच्या डोक्यात यंत्र नाही, बुबुळं हलत नाहीत, भुवयाच नाहीत. आतली बोटं मुठीत आवळली, की तोंड चुरगळतं आणि बेडूक वैतागतो. बोटं किंचित सैल सोडून मनगट खाली झुकवलं, की तो खचतो. हे सगळं करणारा माणूस हात डोक्यावर धरून उभा असतो, मान खाली, नजर समोरच्या मॉनिटरवर. दुसऱ्या हाताने काडी धरून तो कर्मिटचा हात हलवत असतो. असं एखादा मिनिटभर करून बघा. खांदा बोलायला लागतो.

आणि ते एकट्याचं कामही नाही. स्वीडिश शेफ आठवा. डोकं आणि आवाज हेन्सनचा, दोन्ही हात त्याचा जोडीदार बाहुलीकार फ्रँक ऑझचे. उघडे, खरे, माणसाचे हात. ऑझ मुद्दाम हातांनी भलताच उद्योग काढायचा आणि हेन्सनला तोंडाने तो निभावून न्यावा लागायचा. त्या स्वयंपाकघरातला गोंधळ लिहून येत नाही. एका बाहुलीत शिरलेले दोन मित्र एकमेकांची जिरवत असतात, तो आहे तो. कर्मिट आणि मिस पिगी हेही तेच दोघे. १९९०मध्ये आपण हरवली ती ही जोडी. नुसत्या आवाजाची नक्कल करणारा माणूस सापडतो, अशी जोडी जाहिरात देऊन सापडत नाही.

आता माझी खरी तक्रार. गेल्या पंधराएक वर्षांत मपेट्सना सतत स्वतःविषयीच बोलायला लावलंय. २०११चा सिनेमा घ्या. जग आपल्याला विसरलं, चला जुनं थिएटर वाचवू. मला आवडला, रडलोही, त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं तेव्हा खूश झालो. (ऑझला पटकथा पटली नव्हती आणि तो तसं जाहीर बोललाही.) पण विषय काय? मपेट्सची अजून कुणाला गरज आहे का? २०१४च्या सिनेमाचं पहिलंच गाणं आपण सिक्वेल करतोय यावर. २०१५ची मालिका सोळा भागांत आटोपली. लोक म्हणाले, फार प्रौढ होती. हे मला पटत नाही. १९७५च्या त्यांच्या पायलट भागाच्या नावातच 'सेक्स अँड व्हायलन्स' होतं! मालिका पडली कारण पात्रं कॅमेऱ्यासमोर बसून आपापली रडगाणी गात होती. कर्मिट स्वभावाने मॅनेजर आहे. त्याच्यामागे पडदा पेटलेला हवा, कोंबड्या स्टेजवर घुसलेल्या हव्यात, पाहुणा रुसलेला हवा. त्याला खुर्चीत बसवून मुलाखत घ्यायला लागलात, की तो फक्त थकलेला बेडूक.

उलट १९९२चा 'द मपेट ख्रिसमस कॅरोल' बघा. हेन्सनला जाऊन दोनच वर्षं झाली होती. त्याच वर्षी जानेवारीत मपेट्सचा आणखी एक बाहुलीकार, रिचर्ड हंट, गेला. सिनेमा दोघांना अर्पण केलाय. दिग्दर्शनाला हेन्सनचा मुलगा ब्रायन, सिनेमात कर्मिट करायची व्हिटमायरची पहिलीच वेळ. पोरकं झालेलं कुटुंबच ते. पण सिनेमात "आम्ही पोरके झालो" असं अवाक्षर नाही. त्यांच्याकडे काम होतं: डिकन्सची गोष्ट सांगायची. समोर मायकल केन, आणि तो एकदाही बाहुल्यांसमोर आहोत असं दाखवत नाही. चक्क गंभीर नाटक करतो.

त्यातला टायनी टिम, म्हणजे कर्मिट-पिगीचा आजारी मुलगा, गेल्यानंतरचा प्रसंग. चुलीपाशी कुबडी टेकवलेली, जेवणाच्या टेबलाशी एक जागा रिकामी. कर्मिट बाहेरून येतो आणि पिगीला सांगतो, की पोरासाठी जागा बघून आलो, तिथून नदीतली बदकं दिसतात. मग तो पोरांची समजूत घालतो. ती बाहुली हलवणाऱ्याने नुकताच आपला गुरू गमावलाय. समोर पिगीच्या आत फ्रँक ऑझचा हात आहे, आणि इतकी वर्षं ज्याच्याशी जुगलबंदी केली तो हात कर्मिटमध्ये नाही. सगळ्यांना हे माहीत आहे, कुणी बोलत नाही. सगळे टायनी टिमबद्दल बोलतायत.

मला असे मपेट्स हवेत. २०२६च्या फेब्रुवारीत ते पुन्हा जुन्या थिएटरात आले, गायिका सबरीना कारपेंटरला पाहुणी घेऊन एक खास भाग झाला. निदान तिथे पडदा उघडायचा असतो आणि वेळ पाळायची असते. पण माझ्या हातात असतं, तर पुढची दहा वर्षं मी 'मपेट्स' हा शब्दच संहितेत येऊ दिला नसता. त्यांना समुद्रावर पाठवा, कोर्टात उभं करा, एखाद्या खुनाचा तपास द्या, भल्या जाड जुन्या कादंबरीत सोडा. पिगीला खलनायिका करा. गॉन्झोला निवेदक करा, ते त्याला जमतं हे आपण 'ख्रिसमस कॅरोल'मध्ये बघितलंय. आणि रॉल्फला पियानो द्या. त्याचाही आवाज हेन्सनचाच, त्यामुळे हेन्सन गेल्यावर काही वर्षं तो कुत्रा जवळजवळ गप्पच होता, त्याचा कोटा बाकी आहे.