‘वय झालं, आता पाय दुखणारच’: म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

थंडी पडायला लागली की कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला की पाय जाणारच, तो वयाचा भाग आहे. रडत नाही म्हणजे फार दुखत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी किडनी जाते, त्यापेक्षा घरातली पेनकिलर अर्धी करून द्या. हळदीचं दूध, हाडांचं सूप द्या. चालवू नका, पूर्ण आराम द्या. आणि थोडेच दिवस उरलेत, मागेल ते खाऊ घाला.’ पाठवणाऱ्यांची माया खरी असते. पण या मेसेजातल्या जवळपास प्रत्येक वाक्याने कुत्र्याचं दुखणं वाढतं, आणि एका वाक्याने तर जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘वयाचा भाग आहे.’ तोंडावरचे केस पांढरे होणं हा वयाचा भाग. लंगडणं हे आजाराचं लक्षण, आणि तो आजार बहुतेकदा संधिवात. सांध्यातल्या दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा (कार्टिलेज) असते. ती झिजते, सांध्यातलं वंगण पातळ होतं, आतलं अस्तर सुजतं आणि कडेला हाडाचे कंगोरे वाढतात. याची सुरुवात बहुतेकदा म्हातारपणाच्या कितीतरी आधी झालेली असते. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात खुब्याचा किंवा कोपराचा सांधा बऱ्याचदा मुळातच नीट बसलेला नसतो. काहींच्या गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तरुणपणी फाटलेला असतो. त्यामुळे दोन वर्षांच्या कुत्र्याच्या एक्सरेतही संधिवात दिसू शकतो.

वयावर ढकलण्यातला दुसरा धोका आपल्याकडे जास्त आहे. गोचीड तापातही सांधे सुजतात, कुत्रा पाय जपून टाकतो आणि उठायचा कंटाळा करतो. बाहेरून पाहता दोन्ही सारखंच दिसतं. पण त्या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरलेल्या असतात आणि अशा वेळी रक्तस्राव वाढवणारी पेनकिलर दिली तर प्रकरण हाताबाहेर जातं. लंगडण्यामागे मणक्याची गादी सरकलेली असू शकते, हाडाची गाठही असू शकते. ‘वय झालं’ म्हटलं की यातलं काहीच तपासलं जात नाही.

‘रडत नाही म्हणजे दुखत नाही.’ मला सर्वात जास्त त्रास या वाक्याचा होतो, कारण याच समजुतीपायी कित्येक कुत्री महिनोन् महिने वेदनेत काढतात आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. अचानक पायावर पाय पडला तर कुत्रा केकाटतो. रोजच्या ठणक्याला तो ओरडत नाही, आपलं वागणं बदलतो. झोपेतून उठताना आधी पुढचे पाय रोवतो, मग मागचा भाग ओढून घेतो. पहिली दहा-वीस पावलं आखडलेली आणि नंतर मोकळी, म्हणून आपल्याला वाटतं की बरा आहे. जिन्याच्या तळाशी थांबून वर बघतो. सोफ्यावर उडी मारणं सोडून देतो आणि आपण म्हणतो, शहाणा झाला. एकच मनगट किंवा गुडघा चाटत बसतो. मागच्या मांड्या हाताला बारीक लागतात, नखं न झिजता वाढतात. रात्री जागा बदलत राहतो, उकाडा नसताना धापा टाकतो. कमरेला हात लावल्यावर कधी नव्हे तो गुरगुरतो आणि घरात ‘म्हातारपणी चिडका झाला’ असा शिक्का बसतो. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तरी त्याला दुखतंय असं धरून तपासणीला न्या.

‘घरातली पेनकिलर अर्धी करून द्या.’ हे कधीही करू नका. आपल्याकडे घरोघरी असते ती गोळी म्हणजे ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, कधी सोबत पॅरासिटामॉल. कुत्र्याच्या शरीरातून आयब्युप्रोफेन आपल्यासारखं लवकर बाहेर पडत नाही, आतड्यातून पुन्हा पुन्हा शोषलं जातं. किलोमागे ५ मिलिग्रॅम इतक्या मात्रेनेसुद्धा काही दिवसांत कुत्र्याच्या जठराला व्रण होऊ शकतात, जठराला भोकही पडू शकतं. आता हिशोब करा. आठ किलोच्या पॉमेरेनियनला अर्धी गोळी म्हणजे २०० मिलिग्रॅम, किलोमागे २५. व्रण करणाऱ्या मात्रेच्या पाचपट, एका घासात. वजन जास्त असलेल्या कुत्र्याचं हे मोजमाप सौम्य दिसेल, पण ‘अर्धी रोज’ सुरू ठेवली की तोही त्याच जागी पोहोचतो. उलटी, काळी डांबरासारखी शी, अन्नावरची वासना जाणं ही लक्षणं दिसेपर्यंत आत बरंच बिघडलेलं असतं.

डायक्लोफिनॅक या पेनकिलरचं तेच. ती दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरत असल्याचं लक्षात आल्यावर २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. कारण गिधाडांचं होतं, तरी कुत्र्याच्या जठरालाही ते सोसत नाही. आपण गुडघ्याला जेल चोळतो आणि कुत्रा तो गुडघा चाटतो, तिकडेही लक्ष हवं. पॅरासिटामॉल डॉक्टर क्वचित मोजून देतात, पण त्यात गफलत झाली तर यकृत जातं. आणि घरात मांजर असेल तर तिला त्याची एक गोळीही प्राणघातक.

माणसांची आणि कुत्र्यांची दोघांचीही असलेली गोळी म्हणजे मेलॉक्सिकॅम, तिथेही मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ आणि पुढे ०.१ मिलिग्रॅम देतात. दहा किलोच्या कुत्र्याला रोज एक मिलिग्रॅम झालं. मेडिकलमध्ये माणसांची गोळी मिळते ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. ‘औषध तेच आहे’ असं दुकानदार खरंच सांगेल, आणि तरीही ते विष ठरेल.

‘डॉक्टरांच्या गोळ्यांनी किडनी जाते.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून हे वाक्य पटकन पटतं. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही कुत्र्यांसाठीची औषधं पोट, मूत्रपिंड आणि यकृतावर परिणाम करू शकतात. त्यासाठीच चांगला डॉक्टर आधी रक्त तपासतो, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन आणि यकृताचे आकडे बघतो, ठरावीक काळाने पुन्हा बघतो. कुत्रा पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील तर गोळी थांबवायची आणि फोन करायचा. स्टेरॉइडसोबत ही गोळी कधीच द्यायची नाही; खाजेवर अनेकदा स्टेरॉइडच दिलेलं असतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी काय दिलंय ते सांगायचं. एवढं पाळलं तर कितीतरी कुत्री ही औषधं दीर्घकाळ नीट घेतात. गोळीची भीती घालणारे न दिलेल्या गोळीचा हिशोब मांडत नाहीत. दुखतं म्हणून कुत्रा हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू वाळतात, स्नायू वाळले की सगळा भार सांध्यावर येतो आणि आणखी दुखतं.

अलीकडे महिन्यातून एकदा द्यायची इंजेक्शनंही आली आहेत. वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या प्रथिनाला ती अडवतात. बेडिन्वेटमॅब हे त्यातलं नाव. युरोपात त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत २०२३ मध्ये. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या दुष्परिणामांबद्दल पशुवैद्यांना पत्र लिहून सावध केलं, तेव्हा या इंजेक्शनाबाबतही डोळे उघडे ठेवूनच निर्णय घ्यावा.

हळदीचं दूध आणि हाडांचं सूप यांवर फार शब्द खर्च करत नाही. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून जेमतेम शोषलं जातं, आणि प्रौढ कुत्र्याला दुधाने अनेकदा जुलाब होतात. झीज कूर्चेची आहे, कॅल्शियमची कमतरता हे तिचं कारण नव्हे, त्यामुळे हाडांचं पाणी तिला भरून काढत नाही. शिवाय घरच्या सुपात कांदा-लसूण असेल तर कुत्र्याच्या रक्तपेशी फुटू शकतात. पूरक म्हणून काही द्यायचंच असेल तर माशाच्या तेलातलं ओमेगा-३ द्यावं. २०२२ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ओमेगा-३ चा उपयोग दिसला. सगळ्यात जास्त खपणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसला नाही. मात्रा मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्त तेलाने पोट बिघडतं आणि कॅलरीही वाढतात.

‘पूर्ण आराम द्या.’ दुखणं अचानक उसळलं असेल तर काही दिवस, हो. एरवी नाही. रोज थोडं, सारखं आणि साखळीत, असं चालणं हवं. एकदम तासभर फिरवण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या तीन फेऱ्या बऱ्या. रविवारी टेकडीवर नेऊन आठवड्याची कसर भरून काढू नका, सोमवारी त्याला उठता येणार नाही. चेंडू फेकणं बंद, कारण धावता धावता गर्रकन वळण्यात सांध्याला सर्वात जास्त मार बसतो. पोहण्याची सोय असेल आणि पाणी फार गार नसेल तर उत्तम.

‘मागेल ते खाऊ घाला.’ प्रेमाने केलेली हानी म्हणतात ती हीच. अमेरिकेत लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांच्या सख्ख्या-सख्ख्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले: कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११.२. सांधेदुखीवर कायमचे उपचार सुरू करण्याची वेळ कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. इतका फरक पाडणारी गोळी अजून कुणी बनवलेली नाही. आधीच लठ्ठ असलेल्या, लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या वर उतरलं तरी लंगडणं कमी होतं, हेही मोजलं गेलंय. चाळीस किलोच्या लॅबसाठी हे अडीच किलो.

तूप लावलेली पोळी शंभर ते सव्वाशे कॅलरींची. तीस किलोच्या वयस्क लॅबची दिवसाची गरज हजार-अकराशेच्या आसपास. आजोबांच्या ताटातली एक पोळी म्हणजे दिवसाचा दहावा हिस्सा, तोही वाटीभर जेवणावर वरकड. ग्लुकोज बिस्किटांऐवजी काकडी, गाजर, दुधी द्या. फासळ्या दाबल्याशिवाय हाताला लागत नसतील तर वजन जास्त आहे.

जमिनीबद्दल मात्र त्या मेसेजात एक अक्षर नाही. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर दुखऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, मग तो चालायलाच घाबरतो. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून झोपायच्या जागेपर्यंत रबरी चटया किंवा जुन्या योगा मॅट टाका. नखं कापा, तळव्यांतले केस कापा. थंडीत फरशीवर जाड गोधडी दुहेरी करून घाला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिना उतरताना पोटाखालून पंचा घालून मागचा भार उचलून धरा.

आणि डॉक्टरांकडे नेण्याआधी फोनवर त्याचा व्हिडिओ काढा: झोपेतून उठताना, चालताना, जिना चढताना. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा अनेकदा लंगडत नाही आणि दुखणं नजरेतून निसटतं. खर्चाची चिंता असेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयात चौकशी करा, तपासणी आणि एक्सरे तिथे होऊ शकतात.