काजव्यांच्या झाडावर हेडलाइट मारणाऱ्यांनो

शनिवारी भंडारदऱ्याला गेलो होतो. आज बुधवार उजाडला तरी डोकं थंड होत नाहीये.

वर्षभर थांबायचं. मे संपता संपता वळवाची एखादी सर येऊन जाते आणि मग पंधरा-वीस रात्री काय तो खेळ. घाटघरच्या रस्त्याला गाडी लांब लावली, बॅटऱ्या विझवल्या, चौघं पायवाटेनं आत गेलो. डोळे अंधाराला सरावायलाच दहा मिनिटं गेली. आणि मग दिसलं. एक हिरडा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजळायचा, विझायचा, परत उजळायचा. त्याच्या मागोमाग शेजारचा सादडा. माझी आठ वर्षांची पुतणी, जिचं तोंड घरी मिनिटभर बंद नसतं, ती माझं बोट घट्ट धरून गप्प उभी होती.

तेवढ्यात मागून गाडी आली. रस्ता सोडून थेट गवतात घातली आणि हेडलाइट अपर करून झाडावर मारले. सगळं झाड एका क्षणात काळं ठिक्कर.

आतून तिघं-चौघं उतरले. एक म्हणतो, "इथं तर काहीच नाही रे!" दुसरा म्हणतो, "लाइट चालू ठेव, रील काढतो." मी जाऊन नीट सांगितलं, दादा, लाइट बंद करा, पोरं बघतायत. तर मला उत्तर, "जंगल तुमच्या बापाचं आहे का? पैसे भरून आलोय."

पैसे भरून! अरे, नाक्यावर पावती आम्हीही फाडली होती. कशाचे पैसे भरलेस तू? ते चमकणं म्हणजे त्या किड्यांचं एकमेकांना बोलावणं असतं. पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे हातात, तेवढ्यात जोडी जमवायची, मातीत अंडी घालायची आणि मरायचं. त्यातली एक रात्र तू खाल्लीस, आणि अंडी घालतात त्याच मातीवरून चाकं फिरवलीस. वीस मिनिटं इंजिन चालू, काच खाली, आतून गाणी.

ही गाणी! त्या पाठीवरच्या स्पीकरचा शोध लागल्यापासून सह्याद्रीत शांतता उरलेली नाही. कळसूबाईला पायथ्याच्या बारी गावातून चढायला लागा, शिडीखाली तासभर रांग, आणि पुढच्याच्या सॅकवर स्पीकर ढणढणतोय. 1646 मीटर चढून महाराष्ट्राच्या माथ्यावर जायचं ते हेच ऐकायला? रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला पडलेल्या आरपार भोकात, बसलं की वारा अंगातून आरपार जातो. गेल्या हिवाळ्यात तिथंही स्पीकर! सांदण दरीतल्या पाण्यात वेफर्सच्या पिशव्या. अमृतेश्वराच्या देवळातल्या कोरीव दगडांवर बूट टेकवून फोटो. आणि एकेका झाडाखाली बसभर माणसं उतरवणारे आयोजक, त्यांना तर पोरांना दोन शब्द समजावून सांगायलाही वेळ नसतो.

तलावकाठचे तंबू हा आणखी वेगळा संताप. पहाटे साडेपाचला उठून पाण्याकडे गेलो. धुकं उतरलेलं, समोर 1926 सालापासून उभं असलेलं धरण, पाणी एकदम स्थिर. आणि काठावर एक आजी वाकून काहीतरी वेचत होत्या. जवळ गेलो तर बिअरच्या बाटल्यांच्या काचा. एकेक तुकडा उचलून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत टाकत होत्या. अंगठ्याला चिंधी बांधलेली, चिंधीवर सुकलेलं रक्त. म्हणाल्या, "म्हशी हितंच पाण्याव येत्यात बाबा, खुरात घुसतंय." मी अर्धा तास त्यांच्याबरोबर वेचलं, तरी गोणी भरून वर काचा उरल्याच. रात्री दोनपर्यंत ज्यांनी त्या फोडल्या, ते त्याच वेळी बाजूच्या तंबूत घोरत होते. आजींनी त्यांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. मला मात्र त्या तंबूंचे दोर कापून टाकावेसे वाटत होते.

हिरड्याचं सांगायचं राहिलं. गाडी गेल्यावर आम्ही पाऊण तास तिथंच बसलो. खालच्या एका फांदीवर चार-पाच चमकले, तेवढेच. झाड काही परत पेटलं नाही. पुतणी गाडीत झोपून गेली.

येत्या शनिवारी मी परत जाणार आहे, त्याच झाडाखाली. लाइट मारणाऱ्याच्या गाडीची चावी काढून घेणार, मग काय व्हायचं ते होऊ दे.