मुंबई आंदण मिळाली, पण हाती यायला चार वर्षं लागली

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणारा मजकूर परवा पुन्हा आला: ‘पोर्तुगालच्या राजाने मुलीच्या लग्नात मुंबईची सात बेटं आंदण दिली. इंग्लंडच्या राजाने ती दहा पौंडांना कंपनीला विकली. आणि कोळ्यांच्या चार झोपड्यांचं इंग्रजांनी शहर केलं.’ लिहिणाऱ्याने चार ओळींत बरंच उरकलंय.

आधी किरकोळ. नवरी मुलगी कॅथरिन, तिचे वडील १६५६ मध्येच वारले होते. १६६१ चा तह झाला तेव्हा गादीवर भाऊ होता. तहात सात बेटं नाहीत, मुंबईचं बंदर आणि बेट एवढंच आहे. कुलाबा इंग्रजांकडे १६७५ मध्ये आला. मुंबईच्या उत्तरेचं साष्टी बेट तर मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेलं, ते इंग्रजांनी १७७४ मध्ये घेतलं.

आता ‘दिली’ या शब्दाकडे येऊ, कारण खरी गंमत (मेलेल्यांना गंमत कसली म्हणा) तिथेच आहे. १६६२ च्या पावसाळ्याअखेर इंग्लंडच्या राजाने नेमलेला गव्हर्नर सर अब्राहम शिपमन चारशेवर सैनिक घेऊन मुंबईला पोचला. पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो ई कास्त्रोने कागदपत्रांत खोट काढून बेट द्यायला साफ नकार दिला. इंग्रजांना ठाणं-साष्टीही हवी होती, ते त्याला मुळीच मान्य नव्हतं. शिपमनने सुरतेकडे पाहिलं, तर तिथल्या इंग्रज वखारवाल्यांनी हात जोडले: एवढी फौज उतरवली तर मोगल बिथरतील. शेवटी ही माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरली आणि तापाने, हगवणीने पटापट मेली. १६६४ मध्ये शिपमनही गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला, तेव्हा शंभराच्या आसपास सैनिक उरले होते. त्यासाठी कुकने ज्या अटी मान्य केल्या, त्या इंग्लंडच्या राजाने पुढे नाकारल्या. कुकनेही माहीम बळाने घेतलंच. आणि ज्याला हे सोपवावं लागलं, त्या व्हाइसरॉयने आपल्या राजाला लिहिलं होतं की इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल.

दहा पौंडांची विक्री? १६६८ च्या सनदेत दहा पौंड हा वर्षाचा खंड आहे. बेटावर होणारा खर्च उत्पन्नाला झेपत नव्हता, म्हणून राजाने ते ओझं कंपनीच्या गळ्यात घातलं.

राहिल्या झोपड्या. वाळकेश्वर आणि माहीमचा दर्गा इंग्रजांच्या कितीतरी आधीचे. सोळाव्या शतकात हे बेट गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे खंडाने होतं, त्याचा इथे वाडाही होता. भंडारी माडी काढत होते, नारळाच्या वाड्या होत्या. इंग्रज आले तेव्हाची वस्ती दहा हजारांची धरतात. कंपनीचा डॉक्टर फ्रायर १६७० च्या दशकात ती साठ हजार सांगतो. अंदाजच, पण वाढ खरी. ती झाली कशी? गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने न्यायालय, टांकसाळ आणली. दीवच्या निमा पारखसारख्या व्यापाऱ्याने तर यायच्या आधी धर्मपालनाची हमी कबूल करून घेतली. अशी माणसं अटी घालून आली. आणि गोऱ्यांमध्ये म्हण पडली होती की इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं.

‘शहर केलं’ म्हणताना १६८९ सुद्धा आठवावं. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान, म्हणजे मोगलांचा आरमारप्रमुख, मुंबईत उतरला आणि कंपनीची माणसं किल्ल्यात कोंडली गेली. औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० च्या जूनमध्ये सिद्दी निघाला. जाताना त्याने माझगावचा किल्ला पेटवून दिला.