खुलासा: धुकं आणि धूर ही द्रावणं नाहीत

साताऱ्यात बारावीच्या ग्रुपांवर ‘द्रावणांचे नऊ प्रकार’ हा तक्ता फिरतोय. त्यात वायूतल्या द्रवाला ‘महाबळेश्वरचं धुकं’, वायूतल्या स्थायूला ‘धूर’ अशी उदाहरणं आहेत आणि खाली ‘पितळ हे द्रावण नव्हे’ अशी टीप. प्रकार नऊच, पण या तिन्ही गोष्टी चूक आहेत.

द्रावणात द्राव्याचे (विरघळलेल्या पदार्थाचे) कण अणू, रेणू किंवा आयनांएवढे, साधारण 1 नॅनोमीटरच्या आतले असतात. धुक्यातले थेंब मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतात. एवढे मोठे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून तर घाटात गाडीच्या दिव्याचा झोत डोळ्यांना दिसतो. अंधारात मिठाच्या गाळलेल्या, नितळ पाण्यातून टॉर्च मारून बघा, झोत जवळपास दिसतच नाही. धुकं आणि धूर ही कलिलं, म्हणजे द्रावणातल्यापेक्षा मोठे कण तरंगत असलेली मिश्रणं. त्यांच्या जागी हवेतली अदृश्य पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमधली कापराची वाफ लिहा.

द्रावणाची अवस्था ठरते द्रावकावरून, म्हणजे ज्यात द्राव्य विरघळतं त्या पदार्थावरून. पितळात तांबं द्रावक, जस्त द्राव्य. म्हणून ते स्थायूत स्थायू. (पॅलेडियम या धातूतला हायड्रोजन, म्हणजे स्थायूत वायू, मात्र तक्त्यात बरोबर दिलाय.)

तो तक्ता पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.