निकाल मालकीचा नव्हताच

'२०१६ च्या निकालाने स्कारबरो शोल फिलिपिन्सचा ठरला' हे तुमच्या लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. स्कारबरो शोल म्हणजे दक्षिण चीन समुद्रातला, चीन आणि फिलिपिन्स दोघेही आपला म्हणतात तो उथळ, खडकाळ भाग. हेगच्या लवादाने मालकीच्या प्रश्नाला हातच घातला नाही. चीन-फिलिपिन्स दोन्हीकडच्या कोळ्यांचा तिथे पारंपरिक मासेमारीचा हक्क आहे आणि चीनने फिलिपिनो कोळ्यांना अडवणं बेकायदा आहे, असं त्याने म्हटलं.

त्याहून खटकलं ते हे, की लेखात कोळी कुठेच नाहीत. मी आता कोथरूडला राहते, पण माहेर हर्णैचं. वादळाचा इशारा आला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत न्यायची धावपळ मी लहानपणापासून पाहिली आहे. स्कारबरोच्या खडकांआडचं शांत पाणी म्हणजे तिकडच्या कोळ्यांचा तसाच आडोसा. २०१२ पासून त्यावर चीनचा ताबा आहे. यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.